तीन पिनांचं माप

काकासाहेबांचा विश्वास कशावर होता म्हणाल, तर फक्त मापावर. माणसावर तर मुळीच नाही. वाण्याकडची साखर घरी आणून परत तोलणार, दूधवाल्याच्या मापात बोट घालून बूड वर आलंय का ते चाचपणार. नागापूरच्या एमआयडीसीत लोखंडी पिना घासून गुळगुळीत करणारा एक कारखाना होता, तिथं ते बावीस वर्षं तपासनीस होते. कामगार मागून म्हणायचे, हा बाबा स्वतःच्या सावलीलाही मायक्रोमीटर लावील.

क्रिकेट त्यांना आवडायचं नाही. पंचाच्या डोळ्यावर कोण भरवसा ठेवणार? पण केबलवर एकदा त्यांना फॉर्म्युला वनच्या गाड्या दिसल्या आणि गडी तिथंच अडकला. सेकंदाचा हजारावा भाग मोजतात राव! तिथं कोण कुणाला फसवणार? सत्त्याण्णव सालच्या हंगामातल्या सोळा शर्यती त्यांनी जेवणाची ताटं थंड करून पाहिल्या. आता सतरावी, शेवटची, दिवाळीच्या आधीच्या रविवारी स्पेनमध्ये होती. लाल गाडीवाला एका गुणानं पुढं होता, निळ्या गाडीवाला मागं. निळा लालच्या पुढं येऊन गुण घेऊन गेला तर जगज्जेता निळा. दोघंही बाद झाले तर मात्र लाल.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, योगेशचा नोंदीचा कागद काकासाहेबांच्या टेबलावर आला. योगेश म्हणजे पाथर्डीकडचा सव्वीस वर्षांचा ग्राइंडरवाला, कारखान्यात अजून कच्चाच, म्हणजे कायम न झालेला. त्याच्या कागदावर ओळीनं तीन पिनांचं माप मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत एकच होतं.

काकासाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. दोन पिना सारख्या निघतात, पण तीन? बावीस वर्षांत त्यांनी असले कागद शेकड्यानं पाहिले होते. एक पीन मोजायची, खाली दोनदा तेच उतरवायचं आणि चहाला जायचं. त्यांनी योगेशला बोलावलं.

"मोजल्या का रे या?"

"मोजल्या की, साहेब."

"तिन्ही?"

"तिन्ही. सारख्याच निघाल्या, त्याला मी तरी काय करू?"

"मला शिकवतो व्हय?" म्हणत काकासाहेबांनी फॉर्म ओढला. 'न मोजता नोंद केली' असं लिहून पुढं योगेशचं नाव टाकलं, खाली सही ठोकली. पिनांच्या ट्रेला नापासाची लाल चिठ्ठी लावली.

योगेशचा चेहरा उतरला. "साहेब, सोमवारी कायम कामगारांची यादी लागतीया. त्यात नाव न्हाई आलं, तर पाडवा झाला की आई-बापासंगं ऊसतोडीला जावं लागंल. बायकोला सातवा महिना हाय. तिला घेऊन मी कुठं फडावरच्या पाचटाच्या कोपीत ऱ्हाऊ?"

"मग नीट मोजायचं हुतं," काकासाहेब म्हणाले, आणि तो कागद त्यांनी मॅनेजरच्या खोलीत नेऊन ठेवला. घरी जाऊन बायकोला, भागीरथीबाईंना, सगळं रंगवून सांगितलं. चोर पकडल्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला ते टीव्हीसमोर बसले. भागीरथीबाई शेजारी करंज्यांचं सारण करत होत्या. शर्यत सुरू व्हायच्या आधी पडद्यावर कालच्या चाचणीच्या वेळा आल्या. निळा, एक मिनिट एकवीस सेकंद आणि वर बहात्तर हजारांश. लाल, तेवढेच. तिसरा निळ्याच्याच संघातला, त्याचेही तेवढेच.

काकासाहेब ताडकन उठले. "ठरवून केलंय हे. सगळं बनावट हाय."

"काय झालं?"

"अगं, तीन गाड्या, तीन माणसं, आन् हजाराव्या भागापर्यंत एकच वेळ? असं कुठं आस्तंय?"

"माणसानं मोजलं का यंत्रानं?"

"यंत्रानं."

"मग यंत्रावर तर तुमचा विश्वास हाय ना?" भागीरथीबाईंनी खोबरं चिमटीत घेऊन चाखलं. "आन् त्या योगेशच्या पिना? त्या तुमी मोजल्या हुत्या का?"

"त्या मोजायची गरजच..." काकासाहेब तिथंच थांबले. भागीरथीबाई वेलदोडे कुटायला लागल्या.

पुढचा तासभर त्यांचं लक्ष शर्यतीत नव्हतं. घड्याळात कुठं पाणी मुरतंय तेच ते शोधत होते. अठ्ठेचाळिसाव्या फेरीला निळी गाडी वळणावर आतून घुसली आणि लालवाल्यानं स्टेअरिंग तिच्या अंगावर फिरवलं. टक्कर झाली. लाल गाडी खडीत जाऊन रुतली, निळी तशीच ठेचाळत पुढं गेली आणि तिसरी येऊन जगज्जेती झाली. पडद्यावर लालवाल्याचा स्टेअरिंग फिरवणारा तो हात चार वेळा दाखवला. काकासाहेबांना तो दिसला, पण शिवी द्यायला त्यांचं तोंड उघडेना. मी घड्याळावर संशय घेत बसलो, असं काहीतरी ते पुटपुटले. जेवण गेलं नाही.

सोमवारी पावणेसातला ते कारखान्यात हजर. लाल चिठ्ठीच्या ट्रेतून त्या तीन पिना काढल्या, पुसल्या, मायक्रोमीटर लावला. पहिली. दुसरी. तिसरी. तिन्हींचा आकडा तोच. पुन्हा पुसल्या, पुन्हा मोजल्या. पुन्हा तोच.

योगेश आत आला तेव्हा ते तसेच बसले होते.

"तुझं माप बरोबर हाय," ते म्हणाले.

योगेश त्यांच्याकडं बघत राहिला. "शनिवारी तुमी मोजल्याच नव्हत्या?"

मायक्रोमीटर बिघडला होता, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"न्हाई," काकासाहेब म्हणाले. त्यांनी नवा फॉर्म घेतला, 'न मोजता नोंद केली' असं लिहिलं आणि पुढं स्वतःचं नाव घातलं. तो घेऊन ते मॅनेजरच्या दारात दहापर्यंत उभे राहिले. आत गेल्यावर काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. दुपारी यादी लागली. योगेशचं नाव शेवटून दुसरं होतं.

काकासाहेबांना वाटलं, पोरगं आता येईल, निदान हसेल तरी. योगेश आला तो नव्या पिनांचा ट्रे घेऊन. काकासाहेबांनी नेहमीसारखा कागद ओढला, वरून नजर फिरवली आणि सहीसाठी पेन उघडलं.

योगेशनं कागदावर हात ठेवला. "आधी मोजा, साहेब. माझ्यासमोर."

आजूबाजूच्या मशिनींवरची माणसं वळून बघायला लागली. काकासाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पहिली पीन उचलली. योगेश त्यांच्या खांद्यावरून वाकून आकडा बघत होता.