भाकरीचा तिसरा वाटा

पनवेलशेजारच्या विचुंब्याच्या वेशीवर बॅन्जो पार्टी उभी आहे हे सुदामला जीपमधूनच दिसलं आणि त्याने मान खिडकीतून आत घेतली. एरवी हारतुरे कुणाला नको असतात? पण ज्याने काही करू नये ते केलेलं असतं, त्याला हाराची फुलंसुद्धा टोचतात. पुढच्या सीटवर तुळशीराम ड्रायव्हरला रस्ता दाखवत होता, मागे जगन पदक गळ्यात घालून घोरत होता. सुदाम मात्र विमानतळापासून एकाच विचाराने सुकला होता. तुळशीराम आता गावाला काय सांगणार?

तिघं लहानपणापासूनचे. एकाच आळीतले, एकाच शाळेतले, एकाच कबड्डीच्या संघातले. मिठागराच्या बांधावर शर्यती लावून यांनी पाय घट्ट केले होते. पुढे जमिनी शहरात गेल्या, गावाशेजारी इमारती उठल्या. तुळशीरामने मातीचे डंपर घेतले, जगनने टेम्पो घेतला. सुदाम शिकला, तळोज्याच्या एका कारखान्यात साहेब झाला आणि नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला गेला. तो घरात शुद्ध बोलू लागला, आणि सुकी मासळी शिजवायची नाही असा त्याने नियम केला, कारण सोसायटीतले लोक नाक मुरडतात. त्याची बायको रोहिणी पेणची, तिला बोंबील जीव की प्राण. पण नवऱ्यापुढे तिचं चाललं नाही.

असं असलं तरी पहाटेचं धावणं सुटलं नव्हतं. तुळशीराम बिल्डिंगखाली येऊन शीळ घालायचा आणि तिघं कर्नाळ्याच्या रस्त्याला लागायचे. सिंगापूरच्या मॅरेथॉनची जाहिरात सुदामनेच आणली. परदेशात पळायचं म्हटल्यावर जगन हसून हसून बेजार झाला, पण तुळशीराम म्हणाला, जाऊ. चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरात विचुंब्यातली तीन माणसं विमानात बसली.

निघताना तुळशीरामच्या आईने, गोदूबायने, एक पुडकं बांधून दिलं. त्यात तांदळाची एक मोठी भाकरी, तव्यावर कडक करून सुकवलेली, आणि मूठभर सुके बोंबील. तिची ही पद्धत जुनी. खाडीत जायचं असो की कबड्डीचा सामना असो, जे बरोबर जाणार त्यांनी आदल्या संध्याकाळी एकच भाकरी वाटून खायची, वर भाजलेला बोंबील. एकाचा वाटा उरला तर काम अर्धं राहतं, असं ती म्हणे. पुडकं तिने मुलाच्या हाती दिलं, पण बोलली सुदामशी. "तू शिकलेला हायस," ती म्हणाली, "या दोगांना सांबालून आन." सुदामने तिच्या पायाला हात लावून हो म्हटलं होतं.

सांभाळणं विमानतळावरच संपलं. तुळशीराम मोठ्याने बोलायचा, गळ्यातली सोन्याची साखळी टी-शर्टावर काढून मिरवायचा, दिसेल त्या गोऱ्या माणसाला हात हलवायचा. जगन सरकत्या जिन्यावर लहान पोरासारखा दोनदा वरखाली करून आला. सुदाम चार पावलं पुढे चालू लागला. आपण यांच्या पुढे का चालतोय हे त्याला कळत होतं, तरी पाय मागे होईनात.

छातीवर लावायचा नंबर घ्यायच्या रांगेत त्याला उदयसिंह भेटला. मुंबईतल्या मोठ्या कंपनीचा अधिकारी, लंडनची मॅरेथॉन पळून आलेला, बोलणं मऊ, बूट महागाचे. एकटेच आलात का, असं त्याने सहज विचारलं. सुदाम म्हणाला, गावाकडचे दोघं आहेत, पण ते आपले हौसेला आलेत. हे वाक्य बोलताना त्याला लाज वाटली नाही. लाज नंतर आली, आणि आली ती गेलीच नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी उदयसिंहने त्याला हॉटेलखाली चहाला बोलावलं. दोघं उद्याच्या वेगाबद्दल बोलत बसले होते, इतक्यात सगळ्या हॉटेलभर घंटा ठणाणू लागली. आग, आग म्हणत माणसं जिन्याने उतरू लागली. कुणी टॉवेलवर, कुणी अनवाणी, सगळे फुटपाथवर. सुदाम आणि उदयसिंहही बाहेर येऊन उभे राहिले. सुदामच्या नाकाशी ओळखीचा एक वास आला. सिंगापुरात हा वास करणारी माणसं दोनच होती.

थोड्या वेळाने हॉटेलची मॅनेजर बाई बाहेर आली. काळा कोट, चेहरा लाल, हातात खोलीतली इस्त्री. इस्त्रीच्या पोटाला बोंबील चिकटून काळा झाला होता. चूल नाही, निखारा नाही, म्हणून तुळशीरामने दोन उशांमध्ये इस्त्री उलटी धरून तिच्यावर बोंबील भाजला होता. धूर झाला, घंटा वाजली, आठ मजले रिकामे झाले. बाईच्या मागून तुळशीराम आणि जगन मान खाली घालून येत होते. जगनला हसूही येत होतं, कारण तो कशालाही हसतो.

बाई इंग्रजीतून विचारत होती, तुमच्याबरोबर कोण आहे, इंग्रजी कुणाला येतं. लोक गोळा झाले होते, कुणी नाकाला रुमाल लावला होता. तुळशीरामने गर्दीत नजर फिरवली, सुदामला पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर घरचा माणूस दिसल्याचं समाधान आलं. त्याने बोट केलं. "माय फ्रेंड," तो म्हणाला. "आस्क हिम."

बाई वळली. उदयसिंहही वळला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"आय डोंट नो देम," सुदाम म्हणाला.

त्याने ते हळू म्हटलं, पण तेवढ्यात घंटा बंद झाली होती. जगनचं हसू विझलं. तुळशीरामचा वर झालेला हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. दुसऱ्या हातात त्याने कागदाची पुडी धरली होती. ती त्याने खिशात घातली आणि बाईपुढे दोन्ही हात जोडले. "सॉरी म्याडम," असं तो तीनदा म्हणाला. बाईने दम दिला, इस्त्री जप्त केली आणि प्रकरण मिटवलं. सुदाम उदयसिंहच्या मागून हॉटेलात शिरला. त्याच वेळी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण परक्या देशातली धरणी आपलं ऐकत नाही.

सकाळी दोघं त्याच्यासाठी थांबले नाहीत. तिघांनी बरोबर पळायचं ठरलं होतं. सुदाम उदयसिंहबरोबर पळाला, आणि त्याच्या वेगाने पळायला गेला. आपला वेग सोडून दुसऱ्याच्या वेगाने पळणाऱ्याचं जे होतं तेच झालं. तीस किलोमीटरच्या पुढे पोटरीत असा गोळा आला की तो रस्त्याच्या कडेला बसला. उदयसिंहने पळता पळता अंगठा दाखवला आणि गेला. त्याचा काही दोष नव्हता. त्याची आणि सुदामची ओळख ती किती?

सुदाम पाय धरून बसला. माणसांमागून माणसं समोरून जात होती. मग मागून जगनचा धापा टाकण्याचा आवाज आला. जगन सगळ्यात हळू, आणि तुळशीराम मनात आणता तर कधीच पुढे गेला असता, पण तो जगनच्या जोडीने पळत होता. सुदामला वाटलं, यांनी न पाहता जावं. असं मनापासून वाटलं.

तुळशीराम थांबला. खाली बसला, सुदामचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी रगडू लागला. मग कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत भाकरीचा एक तुकडा होता आणि अर्धा जळालेला बोंबील.

"खा," तो म्हणाला. "तुजा वाटा हाय. काल देयाला येत व्हतो."

सुदामने खाल्लं. भर रस्त्यात, अनोळखी माणसांच्या देखत, खारट करपलेला बोंबील चावताना त्याचे डोळे भरून आले. तुळशीरामने तोंड फिरवून जगनला पाणी आणायला पाठवलं. पुढची वाट तिघं बरोबर चालले, पळाले, आणि बरोबर आत शिरले. पदकं मिळाली. माफ कर, एवढे दोन शब्द सुदामच्या ओठावर येऊन परत गेले. विमानातही ते आले आणि परत गेले.

आता बॅन्जो वाजत होता. गावदेवीच्या देवळापुढे मांडव घातला होता. सरपंचांनी हार घातले, पदक सगळ्यांनी हाताळून पाहिलं, आणि मग माईक तुळशीरामच्या हातात आला. सुदाम खुर्चीच्या कडेला बसला होता. समोर पहिल्या रांगेत गोदूबाय पदर सावरून बसली होती, आणि तिच्याशेजारी रोहिणी.

तुळशीरामने इस्त्रीची गोष्ट सांगायला घेतली. घंटा सांगितली, टॉवेलवर पळालेला साहेब सांगितला, बाईच्या हातातला बोंबील सांगितला. मांडव हसून लोटपोट झाला. मग तो थांबला, आणि सुदामने डोळे मिटून घेतले.

"मंग ती बाय बोलली, यांचं कोन हाय का," तुळशीराम म्हणाला. "तसा आमचा सुदाम गर्दीतून पुरं आला. बोलला, यी माजी मानसा हायत. यांना भायेर काडशील तर मना पन काड."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंचांनी उठून सुदामच्या पाठीवर थाप मारली. गोदूबाय काठी टेकत स्टेजवर आली, तिने दोन्ही हात सुदामच्या तोंडावरून फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. म्हातारीच्या बोटांना चुलीचा वास होता. लाज पुरेशी झाली असं वाटावं आणि तिच्या खाली आणखी एक तळघर निघावं, तसं सुदामचं झालं. उठून खरं सांगावं असं त्याला वाटलं. पण म्हातारी त्याचा चेहरा धरून उभी होती, आणि तो बसूनच राहिला.

मांडव पांगल्यावर त्याने तुळशीरामला देवळामागे गाठलं. "खोटं का सांगितलंस?" त्याने विचारलं. "माझ्यासाठी असं खोटं बोलायची गरज नव्हती."

तुळशीराम नळावर तोंड धूत होता. त्याने सावकाश चेहरा पुसला.

"तुज्यासाटी नाय सांगितला," तो म्हणाला. "आयसाटी सांगितला. तिनं आमाला तुज्या भरवशावं परदेशात धारला व्हता. तिचा भरवसा मोरला असता तर ती या वयात कोनाकरं गेली असती?"

"तुळश्या, मी त्या वेळी..."

"मी आयकला," तुळशीराम म्हणाला. "तेवरा इंग्लिश मना पन कलतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सुदामला जास्त लागलं. शिवी दिली असती तर त्याने ती झेलली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुदाम बूट घालून खिडकीशी बसला. शीळ आली नाही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी आली नाही. जगन बाजारात भेटला, हसला, चहा पाजला, आणि तुळशीराम हल्ली नदीच्या बाजूने पळतो एवढं सांगून इकडचं तिकडचं बोलू लागला.

रविवारी गोदूबायने पुडकं पाठवलं, सुके बोंबील आणि तांदळाचं पीठ. माझ्या पोरांना सांभाळलंस म्हणून, असा निरोप होता. रोहिणीने पुडकं सवयीने डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. सुदामने ते काढून घेतलं. गॅसवर जाळी ठेवली, स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघडल्या आणि बोंबील भाजायला लागला. रोहिणी दारात उभी राहून बघत राहिली. मग तिने परात घेतली आणि पीठ मळायला बसली.

वास जिन्यात गेला, वरच्या मजल्यावर गेला. थोड्याच वेळात बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी होते, नाकाला रुमाल. सुदाम आपल्यातलाच आहे असं धरून ते हळूच म्हणाले, "अहो, कसला वास हा? कोणाकडचा आहे, काही कल्पना?"

"आमच्याच घरातला आहे," सुदाम म्हणाला. "आम्ही आगरी. आमच्यात खातात."

सेक्रेटरी गडबडले, नाही नाही, सहज विचारलं, असं म्हणत जिना चढून गेले. सुदाम उघड्या दारात उभा राहिला. बोलायला किती सोपं होतं ते. घाम नाही, धाप नाही, आणि ज्याने ऐकायला हवं होतं तो ऐकायला नाही.

रोहिणीने भाकरी तव्यावरून उतरवली. सुदामने तिचे तीन तुकडे केले आणि दोन, तुळशीरामचा आणि जगनचा, कागदात बांधले. तिसरा, आपला, तसाच ताटात ठेवून त्याने पायात चपला सरकवल्या आणि विचुंब्याच्या वाटेला लागला. तुळशीराम दार उघडेल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.