शिटी आणि साखळी

सकाळी स्टुलावर होतं ते असं: गोळ्यांच्या चार पट्ट्या, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, एक थर्मामीटर आणि नळी लावलेलं प्लास्टिकचं यंत्र. यंत्रात तीन खोल्या, प्रत्येकीत एक निळा चेंडू. खोल्यांवर छापलेलं होतं, ६००, ९००, १२००. नळीतून सेकंदाला तितके मिलिलिटर हवा आत ओढली की त्या खोलीतला चेंडू वर जातो. माझ्या वहीत पाच दिवसांच्या वीस नोंदी होत्या. वीसही शून्य.

बाबांना न्यूमोनिया झाला होता. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत दुसरा चेंडू निदान दोन सेकंद वर राहिला नाही तर पुन्हा दाखल करावं लागेल. आज शुक्रवार होता, संध्याकाळी सहाला जायचं होतं. "तिथं पुन्हा गेलो तर परत येत नाही मी," बाबा म्हणाले होते. धमकी नव्हती ती. रेल्वेत पस्तीस वर्षं गार्ड होते ते. गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

भाऊ देवदत्त नव्या रायपूरच्या ऑफिसात, सरिता वहिनी बँकेत गेली की घरात उरायचो आम्ही तिघं: बाबा, मी आणि त्या दोघांची सात वर्षांची मुलगी ज्ञानदा. तिला उन्हाळ्याची सुट्टी होती. वहिनी भनपुरीच्या छत्तीसगढ़ी घरातली. तिकडे मुलीला ग्यानदा म्हणतात, आम्ही द्न्यानदा.

अकराच्या सुमारास दुधाचा पेला आडवा दिसला.

"कोणी सांडलं हे?"

"द्न्यानदानं," ती म्हणाली. "मी आता ग्यानदा आहे."

"दोघींनाही मार मिळेल."

"मी अर्धी मराठी आहे, आत्या. अर्धाच मार."

एरवी हसले असते. चौदा दिवसांत सलग चार तास झोप झाली नव्हती. मी फडकं आणलं, पुसलं, फडकं धुतलं.

"तिले रागावू नको," बाबा खाटेवरून म्हणाले. "हिशेब बरोबर आहे पोट्टीचा." तेवढ्यानंच खोकला आला.

तो थांबल्यावर मी यंत्र पुढे केलं.

"मले नको."

"काहून नको, बाबा?"

"होत नाही म्हणून. एवढ्या मालगाड्या सोडल्या, अन् एक गोटी उचलल्या जात नाही."

"एकदाच. हवा ओढा."

"हो," म्हणाले आणि नळी तोंडात धरली. मी चेंडूंकडे बघत राहिले. एकही हलला नाही. वहीत एकविसावं शून्य लिहिलं.

ज्ञानदा खाटेच्या पायथ्याशी हनुवटी टेकून बसली होती. "आबा, तुम्ही गाडी काहून सोडून राहिले?"

"कोणती गाडी?"

"शिटी मारता न. असे गाल करून." तिनं गाल फुगवून दाखवले. "शिटी मारली का गाडी जाते."

मी पेन खाली ठेवलं. पाच दिवस मी रोज 'ओढा' म्हणत होते, बाबा रोज 'हो' म्हणत होते, आणि नळी ओठांत आली की फुंकत होते. मी गालांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"बाबा, फुंकायचं नाही. ओढायचं आहे."

"ओढूनच राहिलो ना मी!"

"नाही आबा," ज्ञानदा म्हणाली. "चेन खींचो. गाडी रोकना है."

"साखळी ओढणाऱ्याले दंड होते," बाबा म्हणाले. नोकरीभर अशा लोकांशी भांडले होते ते.

"हव," तिनं होकाराची मान डोलावली. "पण दंड द्न्यानदा भरेल."

बाबा हसले. हसण्यातून खोकला सुरू झाला तो थांबेना. मी तस्त धरलं, पाठ धरली. बराच कफ पडला. पाणी पिऊन ते पाच मिनिटं डोळे मिटून पडले आणि मग, मी न सांगता, हात पुढे करून नळी मागितली.

"गाल आत, आबा," ज्ञानदा म्हणाली. "साखळी!"

पहिला चेंडू वर जाऊन टेकला. तिसरा जागेवरच राहिला. मी घड्याळ बघून लिहिलं: प्रयत्न बाविसावा, वेळ अकरा पन्नास, दुसरा चेंडू वर, दोन सेकंद.