टाकीवरून परत

शहराच्या बससेवेच्या नियंत्रण कक्षात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे कात्री. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

कक्षाला खिडकी नव्हती. ज्यांनी बस हलवायच्या त्यांना रस्ता दिसू नये, एवढी काळजी इमारत बांधणाऱ्याने घेतली होती. समोर पडदा, पडद्यावर एक आडवी रेघ, रेघेवर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक बस. त्याच्या मार्गाला वेळापत्रक नव्हतंच. दर सहा मिनिटांनी बस मिळेल, एवढाच शब्द लोकांना दिलेला. म्हणजे घड्याळ सांभाळायचं नाही, दोन बसमधलं अंतर सांभाळायचं. बस मात्र स्वभावाने कळपातली. एकीला जरा उशीर झाला की थांब्यावर माणसं साचतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो आणि मागची रिकामी धावत येऊन तिला चिकटते. मग लोक ताटकळतात ताटकळतात आणि तीन बस एकदम येतात, जणू एकटीने यायला घाबरत होत्या.

यावर त्याचा उपाय जालीम होता. रखडलेल्या बसचा मार्गच कापायचा, तिला पाण्याच्या टाकीपाशीच वळवायची आणि उलट दिशेला पडलेल्या खिंडारात सोडून द्यायची. पुढे जाणाऱ्यांनी मुकाट उतरावं, मागची येईल तिच्यात बसावं. वरिष्ठ अंतर मोजायचे ते टाकीपर्यंतच. टाकीपलीकडचे चार थांबे कुणाच्याच खिजगणतीत नव्हते. त्यातल्या शेवटच्या थांब्यासमोर त्याची आई राहायची.

“माझा मुलगा बस चालवतो,” असं ती शेजारणींना सांगे.

“चालवत नाही गं आई. सोडतो.”

“कसला सोडतोस? तुझी बस म्हणजे तुझा थोरला मामा. येतो येतो म्हणतो आणि कोपऱ्यावरूनच पळतो.”

आईने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. डावा डोळा काचबिंदूने केव्हाच नेला होता, आता उजवा कडेकडेने अंधारत चालला होता. मोठे डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा, एका सकाळपुरते या शहरात येत. आज ते बघणार होते आणि उजव्याचं काही करता येतं का ते सांगणार होते. त्याने रजा मागितली, तर वरिष्ठ म्हणाले, “तू नसलास तर लाइनचं वाटोळं होईल.” हे कौतुक असल्यामुळे त्याला भांडताही आलं नाही. टॅक्सीवाले टाकीपलीकडे यायला तयार नसत. “जाईन मी बसने,” आई म्हणाली होती, “घरचीच तर आहे.”

आणि नेमका आज सकाळी शहर आणि टाकी यांच्यामधल्या पुलावर एक ट्रक आडवा झाला. सगळे ठिपके पुलाअलीकडे गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तसे जमले. एकच बस पूल ओलांडून निसटली होती. ती रखडत रखडत टाकीपाशी पोचली आणि ड्रायव्हरने सवयीने वायरलेसवर विचारलं, “साहेब, वळवू ना?”

कात्रीने पडद्याकडे पाहिलं. वळवली तर टाकीपासून पुलापर्यंत खोळंबलेल्यांना ही एकमेव बस मिळणार. नाही वळवली तर ती शेवटच्या थांब्यावर जाणार, जिथे आई पिशवी छातीशी धरून उभी असणार. आईला फोन लावला. वाजत राहिला. फोन हरवेल म्हणून ती तो घरीच ठेवून निघत असे.

“पुढे जा,” तो म्हणाला.

“पुढे?” ड्रायव्हरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “बरे आहात ना, साहेब?”

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत कात्रीने असली बस कधी पुढे जाऊ दिली नव्हती.

थोड्या वेळाने ड्रायव्हरचा आवाज आला. “शेवटच्या थांब्यावर कुणी नाही.”

“नीट बघ. एक म्हातारी असेल. पिशवी घेऊन.”

“एक कुत्रं आहे. पिशवी नाही.”

“हॉर्न वाजव.”

हॉर्न वाजला. कुत्रं उठून गेलं. इकडे वरिष्ठांचा फोन खणखणू लागला होता, खिंडार वाढत होतं. गेली असेल कुणाबरोबर, त्याने मनाला सांगितलं. आता निदान लाइन तरी वाचवावी. “रिकामीच पळव,” तो म्हणाला. “पुलापर्यंत मधे कुठेही थांबू नकोस.” रखडलेल्या बसने मधले थांबे गाळून खिंडार गाठायचं, नियमाप्रमाणे हेच बरोबर होतं.

संध्याकाळी तो आईकडे गेला. ती दिवा न लावता बसली होती. हल्ली तिला त्याने फारसा फरक पडत नसे.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“कुठले डॉक्टर? मी पोचले तेव्हा ते गेले होते. तीन महिन्यांनी या म्हणाले तिथले लोक.”

“अगं, मी थांब्यावर बस पाठवली होती! तू होतीस कुठे?”

“टाकीवर.”

“टाकीवर?”

“सकाळीच चालत गेले, भिंतीला धरून धरून. इथं बस येते कुठे? तूच रोज टाकीवरून वळवतोस, तर म्हटलं, आपणच तिथं जाऊन उभं राहावं. हक्काची बस. एक आली, पण सरळ पुढे गेली. म्हटलं, असू दे, परत तर इथूनच जाईल. तर परत येताना थांबेचना. मी हात केला. बाजूचे म्हणाले, अख्खी रिकामी होती रे. कोण मेला सोडतो असल्या बस?”

तो भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

“आज का नाही वळवलीस?”

त्याने दिवा लावला. तिने मान वळवली, पण त्याच्याकडे नाही, त्याच्या जरा बाजूला.