गडवाभर पाणी

सावली गावात ज्या बाईचा ब्लाऊज नजमाने शिवला नसेल, ती बाई एक तर नवी आलेली असणार, नाही तर घरीच सुई चालवणारी. अठरा वर्षं झाली होती तिला मशीनवर बसून. एकदा माप घेतलं की त्या बाईची कटिंग खाकी कागदावर उतरवायची, कोपऱ्यात पेन्सिलीने नाव घालायचं आणि कागद घडी करून लाकडी खोक्यात ठेवायचा. मास्तरीणबाई, पोस्टातल्या बाई, राइस मिलवाल्यांच्या दोघी सुना, अशा दोनशेच्या वर बायका त्या खोक्यात घडी होऊन पडल्या होत्या. एखादीने नुसतं कापड पाठवलं तरी चौथ्या दिवशी ब्लाऊज अंगात चपखल बसायचा. हे सगळं त्या कागदांच्या जिवावर. कागद गेले तर आपण म्हणजे नुसती मशीन हाकणारी बाई, हे नजमाला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकी लग्नसराईच्या तोंडावर घराला उधई लागली. उधई म्हणजे वाळवी. नाव कोणतंही घ्या, खाते सारखीच.

भाड्याच्या दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. भिंतीपलीकडे घरमालक देवाजीभाऊ आणि त्यांची बायको इंदुताई. एका सकाळी शिवणाच्या खोलीत, त्या मधल्या भिंतीवर बोटाएवढी जाड मातीची रेघ चढलेली दिसली. नजमाने ती झाडूने खरडून टाकली. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा, जरा वर. तिसऱ्या दिवशी दोन.

मग सुरू झाले सल्ले. सल्ल्याला काय, जीभ हलवायची, भिंत दुसऱ्याची! शेजारची केसरबाई म्हणाली, चुन्यात मीठ कालवून लाव. लावलं, उधई चुन्यावरून गेली. कोणी म्हणालं गॅरेजातलं जळकं ऑइल लाव. लावलं, घरभर ट्रकचा वास सुटला आणि पोस्टातल्या बाईंच्या पिवळ्या कापडाला डाग पडला तो वेगळाच. मोरचूद झालं, कडुलिंबाचं तेल झालं. रेशनचं रॉकेल भिंतीला पाजलं आणि स्टोव्ह कोरडा राहिला. मलेरियाची फवारणी करणारा आला, त्याला गयावया करून भिंतीवर दोन हात जास्तीचे मारून घेतले. डास मेले. उधई ठणठणीत.

घरातली गंमत आणखी निराळी. नजमाचा नवरा अयूब टिनाचं काम करायचा. त्याने बनवलेल्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या पार मूल गावापर्यंतच्या बाजारात जायच्या. कागदांसाठी एक टिनाची पेटी दे, म्हणून नजमा पाच वर्षं त्याच्या मागे लागली होती. दर वेळी एकच जवाब, पुढच्या हप्त्यात. पुढचा हप्ता आला की पेटी बनायची, आणि बाजारात जाऊन विकली जायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही. नजमा आता त्याच्याशी त्या विषयावर बोलतच नव्हती, नुसती कात्री जोरात आपटायची.

उधई येत कुठून होती, हे मात्र आंधळ्यालाही दिसलं असतं. इंदुताईंच्या मागच्या पडवीत, मधल्या भिंतीला लागूनच, तीन वर्षांपासून एक वारूळ वर आलं होतं. गुडघ्याएवढं झालं होतं. इंदुताई त्याला हळदकुंकू वाहायच्या, नागपंचमीला दूध-लाह्या ठेवायच्या. नजमाने देवाजीभाऊंकडे विषय काढून पाहिला. भाऊ म्हणाले, ते माझ्या हातात नाही. मग तिने मन घट्ट करून इंदुताईंनाच विचारलं, वारूळ पहारीने फोडून टाकलं तर?

"ते देवाचं घर आहे, नजमा," इंदुताई म्हणाल्या. "त्याले सब्बल लागली त माह्या पुनमचं लगन कसं निभन? तूच सांग."

पुनम म्हणजे इंदुताईंची एकुलती एक. वैशाखात तिचं लग्न, आणि लग्नातले अकरा ब्लाऊज नजमाच्याच मशीनवर यायचे होते. शिवाय अठरा वर्षांत या बाईने नजमाला कधी परकं मानलं नव्हतं. लेक अदीबाच्या जन्माच्या वेळी नजमा अडली, तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या होत्या त्या इंदुताईच. नजमा घरी आली आणि भिंत खरडत बसली.

पुढच्याच आठवड्यात इंदुताई पुनमला घेऊन भावाकडे कुरखेड्याला निघाल्या, लग्नाचं बोलावणं द्यायला आणि अकरा-बारा दिवस राहायला. जाता जाता पाण्याचा गडवा नजमाच्या हाती दिला. देवाजीभाऊ पहाटेच शेतावर जातात, त्यांच्या ध्यानात राहत नाही, म्हणून रोज सकाळी वारुळावर पाणी तू टाकजो, म्हणाल्या, एक दिवस खंड पडू देऊ नको. नजमाने मान हलवली. म्हणजे बघा, जे आपलं घर पोखरतंय त्यालाच रोज पाणी पाजायचं! पण जबान दिली ती दिली.

आणि जबान पाळावी तर नजमानेच. पहाटे उठायचं, विहिरीचं ताजं पाणी काढायचं, गडवा काठोकाठ भरायचा, डोक्यावर पदर घेऊन पडवीत जायचं आणि पूर्ण गडवा वारुळावर रिकामा करायचा. एवढ्या उन्हाळ्यात एक थेंब कमी नको. मग घरी येऊन त्याच भिंतीच्या या बाजूला रॉकेलचा बोळा फिरवायचा. रेघा वाढतच होत्या. अल्ला जाणे कुठून एवढं बळ येत होतं त्या किड्यांना. नजमा रोज खोक्याचं झाकण उघडून वरचे कागद पाहायची. वरचे कागद करकरीत होते. तेवढाच जिवाला दिलासा.

अकराव्या दिवशी इसरू आला. दर उन्हाळ्यात गावातल्या घरांवरचे कवेलू फेरून, फुटके बदलून देणारा हा म्हातारा. दुपारी पाणी प्यायला खाली उतरला आणि टेकायला म्हणून त्याने मधल्या भिंतीला हात लावला. हात तसाच राहिला.

"या भिंतीले पानी कोन पाजून राह्यलं, बाई?"

नजमाने सांगितलं. रोज एक गडवा, अकरा दिवस. इसरूने कपाळाला हात लावला नाही की हसला नाही, फक्त खाली बसला आणि सांगायला लागला. उधईला औषधाने मारायला जाऊ नये, तिला उपाशी आणि तहानलेलं ठेवावं. भिंत कोरडी असली की तिचा अर्धा जीव जातो. लाकडाचं खोकं जमिनीवर ठेवू नये, खाली विटा द्याव्या, भिंतीपासून हातभर दूर सरकवावं. उधई वरून येत नाही, बुडातून येते. एवढं बोलून त्याने कोपऱ्यातलं खोकं बघितलं, आणि ते उचलून बाजूला ठेवावं म्हणून दोन्ही हातांनी धरलं.

खोकं वर आलं. बूड खालीच राहिलं.

वरचे वीस-पंचवीस कागद धड होते. त्यांच्याखाली माती होती. ओली, दाणेदार, पांढऱ्या किड्यांनी वळवळणारी माती, आणि तिच्यात कुठे कुठे खाकी कागदाचे नखाएवढे तुकडे. एका तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेलं 'मास्त' एवढंच राहिलं होतं. नजमा तिथेच बसली. पहिला राग इंदुताईंचा आला, दुसरा अयूबचा, आणि तिसरा आला तो गेलाच नाही, कारण तो स्वतःचाच होता. भिंतीला रॉकेल पाजणारीही आपणच आणि पाणी पाजणारीही आपणच! अदीबा शाळेतून आली तेव्हा तिची आई मातीतून तुकडे वेचून पदरात ठेवत होती, आणि चूल पेटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजताच्या बसने इंदुताई आल्या. हातात ब्लाऊजच्या कापडांचं गाठोडं. घरात जायच्या आधी नजमाच्या दारात थांबल्या आणि विचारलं, पाणी टाकलं ना रोज? नजमा म्हणाली, टाकलं. एक दिवस खंड नाही पडला. मग तिने बाजूला होऊन खोकं दाखवलं.

इंदुताई खोक्यापुढे वाकल्या. भिंतीवर हात ठेवून पाहिला. मग त्यांनी विचारलं, रोज किती टाकायचीस? नजमाने दारामागचा गडवा काढून समोर धरला.

"गडवाभर?" इंदुताई म्हणाल्या. "अवं, मी चार थेंब शिंपडत होती, तुळशीच्या पानानं. गडवाभर कायले टाकलं, बाई?"

नजमाला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"तुमचा देव आहे, इंदुताई. तुमी घरी नाई, अन् माह्या हातानं त्याले कमी पडलं असतं, त मी तुमाले कोनतं तोंड दाखवलं असतं?"

इंदुताईंनी गडवा नजमाच्या हातून घेतला, स्वतःच्या घरात गेल्या, आणि बऱ्याच वेळाने परत आल्या त्या रिकाम्या हाताने. वारूळ त्यांनी फोडलं नाही, फोडणारही नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, की शेताच्या बांधावर एक जुनं वारूळ आहे, हळदकुंकू आता तिथे वाहीन, इथे पाणी नको. मग मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या, पदर खांद्यावरून सारला आणि हात लांब केला.

"घे माप. पहिलं माह्यं घे, मंग पुनमचं. बाकीच्या बायकाइले मी घरोघरी जाऊन आनतो."

नजमाने टेप गळ्यातून काढला. राग गेला नव्हता, टेप जरा जास्तच आवळला गेला, आणि इंदुताईंनी तो आवळू दिला. दंडाचा घेर साडेदहा इंच निघाला. जुन्या कागदावर नऊ होता, हे नजमाला कागदाशिवाय आठवलं. लिहायला तिने वही उचलली आणि परत ठेवली. ओसरीत अयूबचा टिनाचा पत्रा उभा होता, मूलच्या कोणाच्या तरी कोठीसाठी कापलेला. तो ती ओढतच आत घेऊन आली, जमिनीवर आडवा टाकला आणि खिळ्याने कोरून त्यावर पहिलं नाव लिहिलं, इंदुताई. अयूब दारात येऊन उभा राहिला, पण पत्रा परत मागायची त्याची हिंमत झाली नाही.