मधलं दार

अंगणात मका सोलत बसलो होतो. गिरणीवाला आणि मास्तर आले. मागे सुतार होता आणि त्याच्या हातात पहार होती. पहार बघितली तेव्हाच कळलं, ही माणसं विचारायला नाही, न्यायला आलीत.

आमच्या गावात नाट्यमंडळ आहे. पगार कुणालाच नाही, हौस सगळ्यांना. गिरणीवाला अध्यक्ष, मास्तर नाटक बसवतात. मंडळाला स्वतःचा रंगमंच नाही. नाटक जवळ आलं की घराघरांतली दारं उचकटायची, पिंपांवर आडवी मांडायची, वरून सतरंजी टाकायची. झाला रंगमंच. ज्याचं दार जाईल तो मंडळाचा आश्रयदाता. आता बहुतेकांची दारं पत्र्याची झाली. जाड, रुंद, लाकडी दार उरलंय ते माझं आणि शिंप्याचं. माझं कायम मधे लागायचं, कारण खरी धावपळ तिथंच होते.

"काढू का, दादा?" सुतार म्हणाला.

"हात तर लावून बघ."

गिरणीवाला गोड हसला. "असं काय करताय? वहिनी असत्या तर बिजागऱ्यांना तेल घालून तयार ठेवलं असतं त्यांनी."

ते खरं होतं. बायकोला नाटकाचं भारी वेड. शेतातून आली की हातपाय धुऊन चहाची किटली घेऊन तालमीला जायची. म्हणायची, "आपण जन्मभर पेंढ्याच बांधणार. निदान आपलं दार तरी नाटकात काम करतंय."

"त्या असत्या तर म्हणतोस," मी म्हणालो. "का नाहीत ते सांग की."

सुतारानं पहार पाठीमागे घेतली. मागच्या थंडीत तिच्या अंगात ताप होता, तरी तिनंच दार द्यायला लावलं. दोन प्रयोग ठरले होते. पण मोठे पाहुणे यायचे होते, ते आज येतो, उद्या येतो करत राहिले आणि मंडळ प्रयोग वाढवत राहिलं. आम्ही चौकटीला पोतं बांधलं. वारा पोत्याला कशाला जुमानतोय? मी दार मागायला गेलो, तर मास्तर म्हणाले, "मधलंच दार काढलं तर नायिका मरणार कुठे?"

त्या संध्याकाळी नायिका माझ्या दारावर आडवी पडून मेली आणि अख्खं गाव हुंदके देऊन रडलं. आमच्या घरात ऐकू येत होतं. ही खोकता खोकता म्हणाली, "रंगलंय हो." पाहुणे येऊन गेले, दार परत आलं. तोवर ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ धरला, दोष कुणाचाच नाही. नसेल.

"यंदाचं नाटक आम्ही वहिनींनाच अर्पण करतोय," मास्तर हळूच म्हणाले. "पडदा उघडण्याआधी सगळे नट दोन मिनिटं उभे राहणार."

"कशावर उभे राहणार? तिच्या दारावर?"

मास्तरांनी मान खाली घातली. गिरणीवाल्याची मान मात्र ताठच. "गावाच्या कामात आपलं दुःख मधे आणू नये, दादा."

"गावाचं काम कसलं? तुमच्या तोंडाला रंग लागतो, एवढंच. ज्याचं जळतं त्याला कळतं. चला, वाट धरा."

मी आत गेलो आणि कडी घातली.

दुसऱ्या दिवशी गवताचा भारा घेऊन शिंप्याच्या घरावरून येत होतो. बघतो तर चौकट उघडी. चिंध्या जोडून केलेला पडदा वाऱ्यावर फडफडत होता. आत शिंप्याची बायको, नुकती बाळंत झालेली. तान्हं शिंकत होतं.

"दार कुठंय गं?"

"नाटकाला गेलं, काका. आमच्याच माणसानं खांद्यावर वाहून नेलं. यंदा पहिल्यांदा राजाचं काम मिळालंय ना. दार नाही दिलं तर राजा दुसरा करू म्हणाले."

"आणि तू नेऊ दिलंस?"

"मला कोण विचारतंय? राणी दुसरीच आहे." ती हसली. मग तान्ह्याला पदराखाली घेतलं.

शिंप्याला गाठायला तालमीत गेलो. तो पुठ्ठ्याचा मुकुट घालून उभा होता. "काका, चार दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाला. मुकुट घातलेल्या माणसाला काय समजावणार?

घरी आलो आणि माझंच दार बिजागरीतून उचललं. पूर्वी दुसरं टोक धरायला ती असायची. आता भिंतीला टेकवत, जमिनीवरून ओढत हातगाडीवर चढवलं. शिंप्याच्या घरी लावायला गेलो, तर चौकट बोटभर अरुंद. कडेला रंधा मारावा लागला. तीच कड, जिथं रोज तिचा हात लागून लाकूड गुळगुळीत झालं होतं. भुसा पायावर पडत होता. आता ते माझ्या चौकटीत कधीच धड बसणार नाही, हे कळत होतं. तरी मारला. दार लागलं आणि आतला वारा थांबला. तान्हं झोपलं.

अंधार पडायच्या आत गिरणीवाला माझ्याकडे आला. एकटाच.

"दादा, मन मोठं केलंत!"

"नाटकाला नाही दिलं. त्या पोराला दिलंय."

"एकच झालं की! शिंपिणीचं दार आम्हाला, तुमचं तिला. खरं सांगू? शिंप्याची सासू आज दार परत न्यायला निघाली होती. कोयता घेऊन! नेलं असतं म्हणजे नाटक बंदच. तुमचं दार लागलेलं बघितलं आणि म्हातारी शांत झाली. तुम्ही मंडळ वाचवलंत." त्यानं माझा हात हातात घेतला. "आश्रयदात्यांमध्ये वहिनींचं नाव पहिलं वाचणार. मीच वाचणार."

मी हात सोडवून घेतला. त्याच्या तोंडावर दार आपटावं असं फार वाटलं. चौकटीतच तर उभा होतो. पण आपटायला दार नव्हतं.

मी बाजूला झालो नाही, तरी तो अंग चोरून आत आला. बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "थोडं पाणी द्या, दादा. दिवसभर ओरडून ओरडून घसा बसलाय."

मी दिलं.