एक हात पाणी

रविवारी दुपारी असुन्सिओन शहरातल्या घरी ओसरीवर एउलोहिओ काबान्यास तेरेरे, म्हणजे पाल्याचा थंड चहा, नळीनं ओढत बसले होते, आणि त्यांची वकील मुलगी निमिया त्यांना आपलं भाषण वाचून दाखवत होती. बुधवारी नदीकाठच्या देशांची बैठक होती. समुद्राकडे जाणारा मालाच्या तराफ्यांचा प्रत्येक ताफा वाटेत तीन दिवस तपासणीसाठी थांबवावा, असा प्रस्ताव होता. पॅराग्वेतर्फे विरोध करायचं काम निमियाकडे आलं होतं.

एउलोहिओंनी चाळीस वर्षं वाटाड्या म्हणून मालाचे तराफे समुद्रापर्यंत नेले होते. भाषण संपल्यावर ते म्हणाले, "वकीलबाई, कलमं झकास आहेत. पण ह्यात पाणी कुठंय?"

मग त्यांनी समजावलं. उन्हाळ्यात तीन दिवसांत नदी हातभर उतरते. थांबलेला ताफा वाळूत बसतो, आणि नदीच्या मुखाशी उभं असलेलं जहाज कुणाची वाट बघत नाही. "समुद्र आपल्या दारात नाही, पोरी. वाट वाहती आहे तोवर तो आपलाही. वाट अडली की आपण डबक्याकाठचे."

निमियानं ते लिहून घेतलं.

"माझं नाव नको घालूस. तज्ज्ञांचं मत आहे म्हण," ते हसत म्हणाले. ती मान खाली घालून लिहीतच राहिली. कॉलेजात तिनं वडील जहाज कंपनीच्या कचेरीत असतात असं सांगितलं होतं. ते त्यांना कळलं होतं, हे तिला आज कळलं.

सोमवारी सकाळी ते रोजच्यासारखे धक्क्यावरची पाण्याची खूण बघून आले, खुर्चीत टेकले आणि गेले.

घरात नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाली. बुधवारी निमिया निघाली, तेव्हा बापाची माती अजून ओली आहे, असं ओबदुलिया आत्या सगळ्यांदेखत बोलली. मग तिनंच निमियाच्या कोटाला इस्त्री करून दिली.

बैठकीत निमियानं कलमं मांडली, शेवटी पाणी मांडलं. समोरच्या एका प्रतिनिधीनं चष्मा काढून विचारलं, हे हातभर पाणी कुठल्या तज्ज्ञानं मोजलं?

तिनं कागद मिटले.

"एउलोहिओ काबान्यास यांनी. ते वाटाड्या होते. ज्या देशाला किनारा नाही, तो देश त्यांनी चाळीस वर्षं समुद्रापर्यंत नेला. मी त्यांची मुलगी."