रात्रपाळीच्या घरातलं व्हायोलिन

तुम्ही माझ्या पोरीला मधेच थांबवलंत. पूर्ण ऐकून नाही म्हणाला असतात, तर मी गुपचूप घरी आले असते. व्हायोलिनच्या प्रवेशपरीक्षेला तुम्ही तिघं परीक्षक होतात. मधल्याने हात वर केला. "बाळा, आवाज कुठाय? शेवटच्या रांगेत काय ऐकू जाणार?" बाकीचे दोघे हसले. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर मी बसले होते आणि शेजारी तिचा बाप.

तिचा बाप इस्पितळात बॉयलरवर आहे. पोरगी जन्मली तेव्हापासून रात्रपाळी, दिवसा झोपतो. आमची एकच खोली, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे तो, पलीकडे ती आणि शाळेतल्या बाईंनी वापरायला दिलेलं व्हायोलिन. माणूस झोपलेला असताना वाजवायचं कसं? तिनं स्वतःच तोड काढली. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. आवाज दबतो. वर हातही असा हलका ठेवायचा, की तारांना जेमतेम कळावं. शाळेत सगळ्या पोरी एकदम वाजवायच्या. त्यात कुणाचा आवाज किती, कोण बघतंय?

"तुझं ते डासासारखं गुणगुणणं सुरू झालं की मला झोप बरी लागते," बाप म्हणायचा.

"बाबा, हे कौतुक समजू की शिव्या?"

कॉलेज कुठलं, यावर घरात किती खल झाला म्हणून सांगू! तिला फिजिक्स हवं होतं आणि व्हायोलिनही. जवळच्या कॉलेजात फिजिक्स चांगलं, पण संगीताच्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचलेल्या. संगीत विद्यालयात गेलो, तर तिथं गणिताचं नावसुद्धा कुणी काढेना.

बाप वैतागला. "एक कॉलेज डोक्याचं, एक हाताचं. पोरीला काय मधोमध कापायचं?"

मग तिला तुमचं सापडलं. "बाबा, इथं दोन्ही आहे. अभ्यास कडक, आणि संगीत म्हणजे नुसतं पाहुणे आल्यावर वाजवायचं नाही. रोज शिकवतात." त्यानंतर तिनं दुसऱ्या कॉलेजचं नाव काढलं नाही.

परीक्षेला तिनं चिमटा काढून वाजवलं. पण हातावर बसलेला चिमटा कोण काढणार? इतक्या वर्षांत बापाची झोप मोडायची नाही, एवढं एकच तो हात शिकला होता. तसा तो शिकला, म्हणून तर घर चाललं.

तुमच्या ऑफिसातली बाई गोड बोलली. "फिजिक्सला प्रवेश मिळालाय की! मार्क छान आहेत. व्हायोलिन काय, छंद म्हणून घरी वाजवेल."

"पुढच्या वर्षी पुन्हा ऐकाल का?" मी विचारलं.

"एकदाच ऐकतात, ताई."

"मग सरावाला खोली तरी?"

"त्या संगीतवाल्यांच्या आहेत."

परतताना बाप तिला म्हणाला, "माझ्यामुळं झालं का गं?"

"छे! हॉलच केवढा होता, बाबा." इतकं पटकन म्हणाली, की त्याला काय कळायचं ते कळलं.

आता तो कामावरून येतो आणि उशी घेऊन थेट जिन्यात जातो. "वाजव. भिंती हादरू देत." तिथंच पायरीवर डोकं टेकतो आणि लगेच झोपी जातो. शेजारीपाजारी त्याला ओलांडून ये-जा करतात. एकानं तर विचारलं, बायकोनं हाकललं का म्हणून. आत पोरगी फिजिक्सचं पुस्तक उघडून बसलेली असते. व्हायोलिन तिनं केव्हाच बाईंना परत दिलंय. त्याची पेटी पलंगाखाली असायची, तिथं तो वाकून बघत नाही. त्याला सांगायचं कुणी? मी रोज जिन्यापर्यंत जाते आणि परत फिरते.

तुमच्याकडे एवढी मोठी इमारत, एवढे मास्तर. सूर चुकला, ताल चुकला, असं तुमच्यातलं कुणी म्हणालं नाही. आवाज लहान आहे, एवढंच म्हणालात. तो मोठा करायलाच ती तुमच्या दारात आली होती. घरूनच मोठा आवाज घेऊन येणाऱ्यांना तेवढं आत घ्यायचं असेल, तर तुम्ही शिकवता काय?

विचारतेय मी. उत्तर द्या.